मोतीयाडीचा चौथा ऋतू

पुसदच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो, म्हणजे मुलांनी काढलेल्या आंब्यांवर लाल शेरे मारायचो. एकसष्ट साली दिवाळीच्या तोंडावर मोतीबाई वर्ग सारवायला आली. जवळच्या तांड्यातली बंजारा म्हातारी. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. माझ्या टेबलावर विलायती पुस्तक उघडं होतं. त्यात इटलीतल्या चारशे वर्षांपूर्वीच्या एका थाळीचं रंगीत चित्र. काठावर चार ऋतू, आणि प्रत्येक ऋतूत माणसाचं एक वय: फुलांत बाळ, पिकात तरुण, द्राक्षांखाली संसारी गडी, शेकोटीशी म्हातारा.

शेणाचे हात मागे धरून याडी किती तरी वेळ पाहतच राहिली.

"मास्तर, अख्खा जलम थाळीत मावला?"

"मावला खरा."

"मी बी भरतो असा. जमनीच्या घागरीवर टाकाले."

जमनी तिची नात. वैशाखात तिचं लग्न होतं, आणि नवरीच्या डोक्यावरच्या घागरीवर टाकायचं कापड घरच्याच बाईने सुईदोऱ्याने भरायचं, अशी तांड्याची रीत. पण याडीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मी पडलो फटकळ. म्हणालो, "सुईत दोरा दुसऱ्याने ओवून द्यावा लागतो तुला. कशाला हा नसता खटाटोप?"

"बोटाईले डोये असतात, मास्तर."

संक्रांतीला तांड्यावर गेलो तर पळसाखालचा पाळणा आणि पेरणारी पोरगी भरून झाली होती. होळीपर्यंत कापूस वेचणारी बाईही झाली. थाळीतला एकही माणूस इतका जिवंत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मग याडीची नजर पुरती गेली. शेकोटीजवळच्या म्हातारीचं तोंड तेवढं राहिलं.

"मी भरतो तोंड," जमनी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"हात नोको लावू," याडी म्हणाली.

लग्नाच्या सकाळी कापड उलगडलं. म्हातारीच्या तोंडाच्या जागी याडीने चाचपून एक गोल आरसा टाचला होता. टाके वाकडेतिकडे. चुका काढायची माझी खोड, म्हणून वाकलो, तर शेकोटीशी मीच बसलेलो, पिकल्या मिशांसकट. मी अजून स्वतःला तिसऱ्या ऋतूत धरून होतो.

मग जमनी वाकली. अठरा वर्षांच्या नवरीने आरशावर बोट टेकवलं.

"कोन दिसते वं?" याडीने विचारलं.

"मीच हाओ, याडी."

याडीने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"बसशीन तिथं. घाई नोको करू."