चकतीला येणारा तंबाखूचा वास

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी दारातूनच वाटेला लावते. बावीस वर्षं फिजिक्स शिकवतेय... मोजता येत नाही त्यावर वेळ घालवू नये, हे माझं सरळ मत. तरी लिहितेय, कारण किळस अजून गेलेली नाही.

नाशिकमधल्या एका कॉलेजची तळमजल्यावरची लॅब, खिडकी सायकल स्टँडकडे. इथे आम्ही बेरियम टायटनेटच्या चकत्या करतो – पांढरी पावडर साच्यात दाबायची, तेराशे अंशांवर भाजायची. पावडर धरून राहावी म्हणून दोन थेंब बाइंडर घालतात. आमचे लॅब अटेंडंट नाना, हरसूलचे, ते कधी घालायचेच नाहीत. तंबाखू गालात सरकवून सरळ पावडरीत थुंकायचे! एकदा मी समोरच पकडलं.

"मॅडम, नाक काय मुरडता? भट्टीत समदं जळतं. काय राहत नाय."

त्या दिवसापासून त्यांना साच्याला हात लावू दिला नाही. त्यांच्या चकतीला कधी तडा गेला नव्हता, हेही खरं. मागच्या वर्षी ते तोंडाच्या कॅन्सरने गेले.

यंदा माझी पीएचडीची विद्यार्थिनी वैशाली, देवळ्याची. थीसिसची शेवटची मुदत सोमवार आणि एक ग्राफ बाकी. हा पदार्थ साधारण एकशेवीस अंशांना आतली रचना बदलतो. तिथे डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे वीज साठवायची क्षमता, उसळी मारतो आणि त्याहून वर तापवलं की फेरोइलेक्ट्रिक गुण, म्हणजे आपोआप विद्युत-ध्रुव धरून ठेवणं, नाहीसा होतो. थंड केलं की परत येतो. हा ग्राफ नसेल तर पोरीची पाच वर्षं पाण्यात. आणि प्रत्येक चकती भट्टीतून तडकूनच बाहेर येत होती.

गुरुवारी सकाळी मी स्वतः बसले. साचा अ‍ॅसिटोनने पुसला, बाइंडर मोजून घातलं. दाबलेली चकती साच्यातून काढली तर... मधोमध तपकिरी, ओलसर डाग. वर तंबाखूचा वास. शिळ्या तोंडाचा.

"वैशाली, तोंडात काय आहे तुझ्या?"

"मॅडम, मी सुपारीसुद्धा खात नाही!"

"मग फेक ती."

"नका ना... पावडर संपलीये. भट्टीत जळेलच की सगळं."

हे तर नानांचंच वाक्य. पण चकती ठेवली.

शनिवारी भट्टी उघडली. चकती पांढरी, अखंड. वास मात्र तसाच – तेराशे अंशांनंतर! वैशालीने नाकाला ओढणी बांधून तारा जोडण्यासाठी दोन्ही बाजूंना चांदीचा लेप दिला आणि हळूहळू तापवत मोजायला घेतली. ऐंशी अंश... शंभर... लॅबभर घाण वास. एकशेवीसला ग्राफने नेमकं हवं तसं टोक गाठलं, आणि वास गेला. एकदम, बटण बंद केल्यासारखा. एकशेचाळीसपर्यंत काही नाही.

"गेले वाटतं नाना," वैशाली हळूच म्हणाली.

"गप्प बस. रीडिंग घे."

थंड करत आणलं. एकशेवीसच्या खाली उतरलो, आणि वास परत.

तीनदा केलं. तीनदा तेच.

थीसिस सोमवारी गेला. ग्राफ खरा आहे, त्यावर सही माझी आहे. वासाबद्दल त्यात एक ओळ नाही – काय लिहिणार?

चकती माझ्या कपाटात, घट्ट झाकणाच्या बाटलीत आहे. अधूनमधून हातमोजे घालून स्पिरिटने पुसते, मग बोटाला काही लागलंय का ते चारदा बघते. कापूस दर वेळी तपकिरीच निघतो.