राणीचे हात मी बांधले

मार्गशीर्षातला गुरुवार. रक्कम साठ हजार रुपये. हजर — मी, डॉक्टर, कुंडल गावची सुमन आणि तिची सहा वर्षांची मुलगी राणी. ठिकाण, सांगलीतलं लहान मुलांचं एक खासगी हॉस्पिटल. मी तिथं नर्स. एवढं मी कुणालाही सांगू शकते. पुढचं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

मला राग येतो. परिचारिका दिनाला हातात गुलाब देऊन ‘दुसरी आई’ म्हणतात, त्याचा येतो. वाचणार नाहीत त्या पोरांना सुया टोचत राहायचं आणि आयांना ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणायचं — हे आम्हाला शिकवतात, त्याचाही येतो. पण सगळा राग दुसऱ्यांच्या नावावर मांडला तर हिशेब खोटा होईल. म्हणून —

राणीचं हृदय थकलं होतं. दुपारीच डॉक्टर आम्हा नर्सना म्हणाले, दोन-तीन दिवस, फार तर. संध्याकाळी त्यांनी व्हेंटिलेटरसाठी साठ हजार भरायला सांगितले. सुमनने त्यांना काही विचारलं नाही. माझ्याकडे वळली.

“सिस्टर, तुमी तरी खरं सांगा. पैशाचं न्हाई वो, ते हुतील. पर पोरगी वाचंल का? न्हाईतर घरी नेतो. मांडीवर तरी ऱ्हाईल.”

डॉक्टर शेजारीच होते. त्यांनी डोळे वटारले असतील? नाही. ते मोबाइल बघत होते. मी म्हणाले, “भरा ताई. चार दिवसांत नळी निघेल.”

मी असं का म्हणाले? त्या महिन्यात वॉर्डची इन्चार्ज नेमायची होती. बस, एवढंच. नेमलीही मलाच.

पोरांनी घशातली व्हेंटिलेटरची नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात गॉजने पलंगाला बांधतात. राणीचे मी बांधले. आईला दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं आत सोडायचो. तिसऱ्या दिवशी राणी गेली, तेव्हा सुमन बाहेर जिन्यावर होती. मी आधी गॉज कापला. मनगटावरचे वळ जावेत म्हणून चोळत बसले — ते गेले नाहीत, तेव्हा चादर ओढली. आणि मग तिला हाक मारली.

महिन्याभराने सुमन परत आली. माझ्यासाठी.

“तुमी लय केलंसा आमच्या राणीचं.”

वॉर्डच्या दारातच तिने माझी ओटी भरली. युनिफॉर्मला पदर नसतो. मी ओंजळ पुढे केली.

साठ हजार हॉस्पिटलला मिळाले. खण, नारळ, मूठभर तांदूळ आणि अकरा रुपये — मला.