बदलापूरचा आकडा

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यावरच्या एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीत अ‍ॅल्युमिनियमची एक उंच काठी उभी आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी तिचा विषय निघतो. कुणी म्हणतं हिच्यामुळे वीज पडेल, कुणी म्हणतं आमचा टीव्ही हिनेच बिघडला. मग काठीचे मालक गोपीनाथ कर्णिक, ज्यांना सगळी इमारत अण्णा म्हणते, उभे राहतात आणि केंद्र सरकारचा परवाना पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात. दुसऱ्या परिच्छेदाला सभा काठी मंजूर करून पुढच्या विषयाकडे पळते.

अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली. हॅम रेडिओचा नाद त्याच्याही आधीचा. परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, घरात सेट बसवायचा, गच्चीत त्याची काठी, म्हणजे अँटेना, उभारायची आणि जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, असा हा छंद. पण पावसाळ्यात त्याला वेगळं वजन येतं. जिल्ह्यातले असे पंधरा-वीस परवानाधारक आपापल्या भागातला पाऊस, वारा आणि नदीची पातळी स्वतः पाहून रेडिओवर सांगतात. ठाण्यात खोपटला राहणारा कुंडलिक ते सगळं गोळा करतो आणि नियंत्रण कक्षाला कळवतो. फोन बंद पडले की हीच माणसं उरतात.

कामाला अण्णा चोख होते, यात वाद नाही. रोज सकाळी साडेआठला गच्चीतलं पर्जन्यमापक बघणार, मिलिमीटर वहीत लिहिणार. तापात फणफणले होते तेव्हाही त्यांनी नीलाताईंना छत्री देऊन वर पाठवलं होतं. दोष एकच, आणि तो या परवानाधारकांच्या सगळ्या मंडळाला ठाऊक होता. नमनाला घडाभर तेल! आकडा सांगायच्या आधी सगळ्यांना नमस्कार, हवेचं वर्णन, मागच्या वर्षीची तुलना, मग आकडा, मग तो पुन्हा एकदा, मग सगळ्यांचे आभार. वर सेट कायम पन्नास वॅटवर, म्हणजे पूर्ण जोरात. पाच वॅटमध्ये ठाण्याला आरामात ऐकू गेलं असतं. पण पन्नासवर कुंडलिक म्हणायचा, "अण्णा, पाच-नऊ!" म्हणजे आवाज एकदम खणखणीत, यापेक्षा चांगला नसतोच. सत्तरी उलटलेल्या माणसाला हल्ली कोण कशाबद्दल चांगलं म्हणतं? अण्णांना ते पाच-नऊ लागायचं, सकाळच्या चहासारखं.

उत्तम शेलार त्यांना भेटला तो इमारतीच्या पंपाची वायरिंग दुरुस्त करायला आला होता तेव्हा. राहायला मोहन्याला, जुन्या रेयॉन कंपनीच्या पलीकडे, उल्हास नदीला लागून असलेल्या बैठ्या चाळीत. घरात बायको रुचिता आणि म्हातारी आई, कलावती. आदल्याच पावसाळ्यात चाळीत मोबाइलवर निरोप फिरला होता की धरणाचे दरवाजे उघडले, तासाभरात पाणी येणार. लोक घाबरून चढावरच्या शाळेकडे पळाले. उत्तम आणि शेजाऱ्यांनी कलावतीबाईंना खुर्चीत बसवून उचललं, शाळेच्या ओल्या पायऱ्यांवर एकाचा पाय घसरला, आणि खुर्चीसकट बाई खाली आल्या. खुबा मोडला. पाणी आलंच नाही. निरोप खोटा होता. तेव्हापासून बाई अंथरुणाला खिळलेल्या.

"अफवेला चार पाय असतात," अण्णा त्याला म्हणाले होते, "आकड्याला पट्टी असते. आकडा येईपर्यंत आईला हलवायचं नाही. कळलं?"

उत्तमला ते इतकं पटलं, की पस्तिसाव्या वर्षी अण्णांकडे बसून परीक्षेचा अभ्यास केला आणि पास झाला. अण्णांनी आपला हातातला छोटा सेट त्याला दिला. बदलापूरला मंडळातल्याच संचिता नावाच्या शाळामास्तरीण होत्या, त्यांनी पुलाच्या खांबावर फूट मोजायची पट्टी रंगवून घेतली होती आणि तिच्यावर एक लाल रेघ. त्यानंतरच्या तीन पावसाळ्यांच्या वह्या ताडून मंडळाच्या लक्षात आलं होतं, की बदलापूरला पाणी लाल रेघेवर गेलं की साधारण अडीच तासांनी ते उत्तमच्या घरात शिरतं. रेघेच्या खाली राहिलं तर दाराच्या पायऱ्या चढून मुकाट्याने परत जातं. अडीच तास पुष्कळ झाले. चार माणसं बोलवायची, आईला पलंगाच्या फळीवर घ्यायचं, सावकाश चढ चढायचा. उत्तमचा छोटा सेट ठाण्यापर्यंत किंवा बदलापूरपर्यंत पोचत नसे, तिथलं त्यावर ऐकूही येत नसे. तो पोचे फक्त अण्णांच्या काठीपर्यंत. म्हणून ठरलेलं होतं: बदलापूरचा आकडा अण्णा ऐकणार आणि मोहन्याला अण्णाच सांगणार.

जुलैतला तो गुरुवार. पहाटे चारलाच वीज गेली. आठला टेकडीवरचा रिपीटर, म्हणजे सगळ्यांचे आवाज उचलून लांब फेकणारं यंत्र, बंद पडला. अकरापर्यंत मोबाइलही गेले. रस्त्यावर पाणी भरलं. आता जो तो आपल्या काठीच्या जोरावर. असा दिवस अण्णांच्या आयुष्यात तीन-चारदाच आला असेल, आणि खरं सांगायचं तर ते सकाळपासून खुशीत होते. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी काढून त्यांनी सेटला जोडली.

"अहो, जोर जरा कमी ठेवा ना," नीलाताई म्हणाल्या. "दिवसभर पुरायला हवी ती."

"अगं, नाशिकहून ऐकतायत मला! नाशिकहून!"

नाशिकच्या गृहस्थांना अण्णांनी कल्याण-डोंबिवलीचा सगळा पर्जन्येतिहास सांगितला. पुण्याच्या एकाने विचारलं नव्हतं, तरी त्याला सांगितला. दर पंधरा मिनिटांनी पाऊस मोजून पन्नास वॅटवर आकडा, नमस्कार, आकडा, आभार. कुंडलिक दरवेळी म्हणत होता, पाच-नऊ, अण्णा, पाच-नऊ. स्वभावाला औषध नसतं, हेच खरं.

बारा चाळीसला संचिताबाईंचा आवाज आला, घाईचा आणि कोरडा. "बदलापूर. लाल रेघेच्या सव्वा फूट वर. चढतंय."

ठाण्याहून कुंडलिक म्हणाला, "रॉजर, मिळालं. अण्णा, मोहन्याचा उत्तम आम्हाला ऐकू येत नाही. त्याला तुम्ही कळवा."

अण्णांनी बटण दाबलं आणि सेटचा पडदा विझला. बोट काढलं, पडदा उजळला. पुन्हा दाबलं, पुन्हा विझला. त्यांनी जोर पाचवर आणला. तरी तेच. ऐकायला रेडिओला वीज अगदी चिमूटभर लागते, बोलायला मात्र भरपूर. बॅटरीत आता फक्त ऐकण्यापुरता जीव उरला होता.

ठाण्याने गृहीत धरलं की अण्णांनी मोहन्याला कळवलं असणार. का नाही धरणार? वीस वर्षांत अण्णांचा एक निरोप चुकला नव्हता.

एक वाजून पाच मिनिटांनी उत्तमचा आवाज आला, अगदी बारीक, खरखरत. "अण्णा, मोहन्याहून उत्तम. बदलापूरचा आकडा द्या. चाळ सगळी थांबलीय माझ्यासाठी. ओव्हर."

अण्णा बटण दाबत राहिले. पडदा विझत राहिला.

मग ते शेजारच्या दारावर गेले. शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर पहाटेपासून चालून सकाळी दहालाच संपला होता. समोरच्यांकडे नव्हताच. गाडीची बॅटरी! पाना घेऊन अण्णा निघाले. लिफ्ट बंद, गुडघे कधीचे गेलेले. कठडा धरून एक-एक पायरी करत नऊ मजले उतरायला त्यांना वीस मिनिटं लागली. खाली पार्किंगमध्ये मांडीभर पाणी आणि एकही गाडी नाही.

"साहेब, सकाळीच काढल्या ना सगळ्यांनी, पुलावर नेऊन लावल्यात," वॉचमन काळुराम म्हणाला. "तुम्ही कशाला उतरलात? या पाण्यात पुलापर्यंत जाल? चला, वर सोडतो."

वर यायला चाळीस मिनिटं लागली. दर मजल्यावर अण्णा थांबत, आणि काळुरामला वाटे त्यांना दम लागला. दमही लागला होताच.

नीलाताई सेटसमोर बसल्या होत्या, मांडीवर नोंदवही. अण्णांच्या पाठीमागे त्यांनी सगळं टिपून ठेवलं होतं. मंडळाचा नियम तसाच होता, जे ऐकलं ते वेळेसकट लिहायचं. तो नियम घरात अण्णांनीच लावलेला.

"दोनदा बोलला," त्या म्हणाल्या. "पाणी दुसऱ्या पायरीला आलंय म्हणतोय. विचारतोय, आईला उचलू की थांबू."

अण्णा खुर्चीत बसले. सांगायला आकडा होता, सांगायला माणूस होता, तोंड होतं, आणि तोंडातून शब्द बाहेर पडायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. खिडकीत जाऊन ते ओरडले सुद्धा, "उचल रे! उचल तिला!" मोहने तिथून दहा-बारा किलोमीटर. खालून काळुरामने वर पाहिलं.

सव्वादोनला उत्तम म्हणाला, "अण्णा, पाणी वरच्या पायरीला. दरवर्षी इथवर येतं न् जातं. लोक म्हणतात निघू या, मी म्हटलं, आकडा येऊ दे. मागल्या वेळेसारखं नको. आईला आता खाली पाडलं तर ती वाचायची नाही. ओव्हर."

अण्णांनी लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, आणि त्याचा त्यांना स्वतःलाच राग आला.

दोन पन्नासला रेडिओत आधी बायकांची आरडाओरड ऐकू आली, भांडी आपटल्याचा आवाज, मग उत्तम. "घरात शिरलं, अण्णा. एकदम शिरलं. ज्याला-त्याला आपलं पडलंय, फळीला माणसं नाहीत. सेट ठेवतो. आईला उचलायला दोन्ही हात लागतील."

त्यानंतर नुसती खरखर. अण्णा ती संध्याकाळपर्यंत ऐकत बसले, बॅटरी तीही बंद करेपर्यंत.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाले. रुचिताने सांगितलं, सगळे वाचले, सासूबाईंना छातीभर पाण्यातून आणताना पाणी नाकातोंडात गेलं, इस्पितळात ठेवलंय. आठव्या दिवशी कलावतीबाई गेल्या. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले. नीलाताई दोनदा भेटून आल्या. अण्णा गेले नाहीत. गुडघे, म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात नीलाताईंना गुडघा कुठला आणि भीती कुठली, हे कळत होतं. गच्चीतलं पर्जन्यमापक मात्र अण्णांनी त्या दिवसांत एकदाही बघितलं नाही. त्यात पाणी साचून बाहेर वाहत राहिलं.

तेरावं झाल्यावर उत्तम स्वतःच आला. डोकं भादरलेलं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला छोटा सेट. बसला, पाणी प्यायला.

"सेट भिजला, अण्णा. सुकवलाय तांदळात ठेवून, पण चालू नाही झाला. तुमची वस्तू खराब केली."

"असू दे रे."

"एक विचारायचं होतं." उत्तमने मान खाली घातली. "त्या दिवशी मी घरातून बोलत होतो. आईजवळ बसलेलो ना, तिला एकटं सोडवेना. वरती पत्रा, चारी बाजूंनी भिंती. तुम्ही शिकवलेलं, दारात जाऊन, सेट उंच धरून बोलायचं. मी नाही गेलो. म्हणून माझा आवाज तुम्हाला पोचलाच नसणार. रोज रात्री तेच डोक्यात येतं. चार पावलं दारात गेलो असतो तर..."

नीलाताई स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

होय म्हणणं किती सोपं होतं! आवाज नाही रे पोचला, तू तरी काय करणार, देवाची मर्जी. पोरगं रडून मोकळं झालं असतं आणि सेवेकरी म्हणून अण्णांचं नाव शाबूत राहिलं असतं. पण आयुष्यभर ऐकलेलं खरं लिहिलेल्या माणसाला ते जमेना. त्यांनी टेबलावरची नोंदवही ओढली, त्या गुरुवारचं पान काढलं आणि उत्तमच्या मांडीवर ठेवलं.

उत्तम वाचू लागला. एक पाच. एक पस्तीस. एक पंचावन्न. सव्वादोन. त्याचे सगळे शब्द तिथे होते, चाळ थांबलीय हेही, मागल्या वेळेसारखं नको हेही. शेवटच्या ओळीवर, दोन्ही हात लागतील यावर, त्याचं बोट थांबलं.

"ऐकलंत तुम्ही," तो म्हणाला. "सगळं ऐकलंत."

"प्रत्येक शब्द. तुझ्या आवाजात काही कमी नव्हतं. माझी बॅटरी संपली होती, आणि ती मीच संपवली. सकाळभर पन्नास वॅटवर गप्पा छाटल्या. नीला सांगत होती. तुझी आई माझ्या बडबडीपायी गेली, उत्तम."

उत्तमने वही मिटली नाही. रागावला असता, ओरडला असता, तर अण्णांना बरं वाटलं असतं. तो नुसता त्या पानाकडे बघत होता.

"आकडा काय होता?" त्याने विचारलं.

अण्णांना पान बघायची गरज नव्हती. झोपेतसुद्धा तो आकडा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. नमस्कार नाही, हवा नाही, मागच्या वर्षीची तुलना नाही. "बदलापूर, बारा चाळीस. लाल रेघेच्या सव्वा फूट वर. चढतंय."

उत्तमचा अंगठा हातातल्या मेलेल्या सेटच्या बटणावर आपसूक दाबला गेला.

"रॉजर," तो म्हणाला, आणि तोंडावर हात धरून रडायला लागला.