लेकीच्या लेकीचं नख

सन दोन हजार बावीस. मले तेव्हा एकाहत्तरावं चालू होतं. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, तरी हे माझ्याच हातानं लिहून राह्यलो. दुसऱ्याले सांगून लिहून घेतलं, तर तो त्यात आपलं घालते.

आमची लेक आदल्या साली काविळीनं गेली. मागं तिची तान्ही पोरगी राह्यली, ती आम्ही आपल्या गावी, उंद्रीले आणली. लेकीनं जायच्या आधी तिच्यासाठी बाजारातून बूट घेतले होते, चालताना चिवचिव वाजणारे. पोरगी चालाले लागली, पाय वाढला, पण बूट तेच. "मायनं घेतले आहेत," आमची बुढी म्हणे. पोरीलेही दुसरे चालत नव्हते.

मग एका पायाचा अंगठा सुजला. नखाचा कोपरा मासात घुसला होता आणि कडेले पू धरला होता. हात लावला की पोरगी किंचाळे. चिखलीच्या डॉक्टरनं पाहिलं, मलम देलं आणि बुढीले म्हणे, "आजी, हे बूट आता उचलून ठेवा. रोज कोमट पाण्यात पाय बुडवा, कातडी हळूच मागं सारा. नख सरळ कापायचं, कोपरा खोलात जाऊन काढायचा नाही. लहान लेकराचं बहुतेक असंच बरं होते. लाली वर चढली नाहीतर ताप आला, तर लगेच आणा."

घरी येऊन बुढीनं बूट पेटीत ठेवले आणि त्या पेटीवरच बसून राह्यली.

त्याच आठवड्यात डोणगावहून जावई आला. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. म्हणे, "मामा, पोरीले घेऊन जातो."

"असा पाय घेऊन पोरगी कुठं जाणार नाही."

"डॉक्टर आमच्याकडेही आहेत, मामा."

"असतील. नख बरं झालं की घेऊन जा. मी सोता हाती देईन."

बोलून गेलो. आणि बोललेलं मागं घ्यायची सवय मले नाही.

रोज सकाळी उन्हात बसून पोरीचा पाय मांडीवर घ्यायचो. बुढीनं पकडला तर ती झटके, माझ्या मांडीवर गप राहे. "अंगठ्यात चिमणी बसली, तिले अंघोळ घालू," म्हणत मी कातडी बोटानं मागं सारायचो. ती वाकून पाहे, चिमणी कुठं आहे म्हणून.

चहाच्या टपरीवर माझा एक जुना सोबती म्हणे, "काऊन बे, एवढी घाई काऊन करून राह्यला? नख बरं झालं की पोरगी गेली. मलम जरा कमी लाव."

"तुह्या टकल्याले लाव ते मलम."

सगळे हसले, मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी मलम हातात धरून मी बराच वेळ बसलो. पोरीनंच पाय पुढं केला, मग लावलं. लेकराच्या दुखण्यावर आपला सौदा कसा करावा?

लाली उतरली, पू गेला. नखाचा कोपरा कातडीच्या वर दिसाले लागला. एक दिवस पोरगी अनवाणी कोंबडीमागं धावली, आणि लंगडली नाही. बुढी म्हणे, "एवढ्यात कळवू नका."

"जबान देली मी."

त्या दिवशी तिनं मले जेवाले वाढलं आणि आपलं ताट झाकून ठेवलं. मी जावयाले फोन केला.

तो आला, संगं त्याची नवी बायको. मले वाटलं होतं ती उभ्या उभ्या पोरीले उचलेल. ती तर खाली बसली आणि अंगठा निरखून पाहाले लागली. मी नखं कापून दाखवली. "असं सरळ. कोपरा सोडायचा." तिनं नेलकटर हातात घेतलं, नखापाशी नेलं आणि परत माझ्याच हाती देलं.

"बाबा, लय मऊ आहेत, मले भेव वाटते. तुम्हीच येऊन कापत जा ना."

"आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पेत नाहीत. लेक जिती होती तरी मी तिच्या घरी टेकलो नाही."

ती खाली पाहत म्हणे, "पाणी नका पेऊ. नखं तर कापसान?"

मी नेलकटर खिशात घातलं.

गाडीवर दोघांच्या मधात बसून पोरगी टाटा करत गेली. तिले वाटलं, चक्कर मारून परत येऊ. बुढी तिचं झबलं घेऊन आत गेली. मी अंगणातच उभा राह्यलो. मांडी रिकामी झाली, हे उभ्या माणसालेही समजते.

नख एका रात्रीत वाढत नाही, तेही समजते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं चिखली, तिथून मेहकर करत डोणगावले गेलो आणि जावयाच्या ओट्यावर बसलो. कोणी आलं म्हणून त्याची बायको सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन आली, अन् मले पाहून दारातच थबकली. मी हात पुढं केला, तांब्या घेतला आणि सगळं पाणी पेलो.