पाटे, हवा आणि वासंतीची झोप

शशिकांतराव उपासनी कुठल्याही गाडीकडे आधी मागून बघतात. रंग कोणता, समोरचे दिवे कसे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. ते उकिडवे बसतात, मागच्या चाकाच्या वर डोकावतात आणि पाटे मोजतात. पिंपरीच्या एका ट्रक कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीवर एक रचायच्या आणि अख्ख्या ट्रकचा भार त्यांच्यावर सोपवायचा. २००८ साली ते बायको आणि मुलीला घेऊन न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला आले, हॉर्नबी उपनगरात घर केलं आणि शहरबसच्या डेपोत देखभालीच्या कामाला लागले. लोक स्वप्नात समुद्र बघतात, यांना पाटे दिसायचे.

त्यांची बायको वासंती फार्मासिस्ट. २०११च्या फेब्रुवारीत भूकंप झाला तेव्हा ती शहरातल्या दुकानात होती. औषधांची कपाटं कोसळली, ती काउंटरखाली वीस मिनिटं पडून राहिली आणि मग चालत बाहेर आली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. फक्त झोप गेली. रस्त्यावरून मोठा ट्रक गेला की ती उठून बसायची, फ्रिज गुरगुरला की उठून बसायची. गोळ्या विकणारी बाई स्वतः मात्र गोळ्या घ्यायला तयार नव्हती. "गोळी घेतली आणि जाग नाही आली तर?" एवढंच म्हणायची.

एका रविवारी ते दोघं भाजी घेऊन येत असताना ती गाडीत झोपली. चालत्या गाडीत ती झोपते, हा शशिकांतरावांना लागलेला सर्वांत मोठा शोध. तेव्हापासून दर रविवारी जेवण झालं की ते तिला घेऊन निघायचे. कॅन्टरबरीचं पठार म्हणजे सरळच्या सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना पाइनच्या उंच कुंपणरांगा, मेंढ्या, आणि पश्चिमेला डोंगर, जे जवळ येतायत असं वाटतं पण येत नाहीत. ती मान कलती करून झोपायची आणि ते साठच्या वेगाने कुठेही न जाता जात राहायचे. एवढंच की गाडी थांबली की ती उठायची. एक सिग्नल लागला की संपलं. चाळीस मिनिटं झोप मिळाली तर तो रविवार चांगला गेला असं ते धरायचे. अशी चार वर्षं गेली.

२०१५ साली त्यांनी जुनी यूट घेतली, म्हणजे पुढे माणसं आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी, आणि तिच्यामागे ओढायला एक कॅरॅव्हॅन. चाकांवरची पांढरी खोली ती. भिंती पातळ, छप्पर हलकं, डोक्यावर वीट म्हणून नाही. "वरून पडलं तरी पत्राच पडेल," ते वासंतीला म्हणाले. लांब जायचं, न थांबता जायचं, टेकापोच्या तळ्याकाठी मुक्काम करायचा, असा बेत होता. तिला तो आवडला. तिने पडदे शिवले.

बेत मराठी मंडळात कळला आणि घात झाला. आपल्या माणसांत कुणी कुठे निघालं की "जाताच आहात तर..." सुरू होतं. विनिताताईंनी ज्वारीच्या पिठाचं पोतं आणून ठेवलं, क्वीन्सटाउनच्या भाच्यासाठी. भाचा टेकापोला येऊन घेऊन जाईल म्हणे. कुणी लोणच्याच्या बरण्या दिल्या, कुणी इडलीचं पीठ रगडायचं दगडी यंत्र. नाही म्हणणं शशिकांतरावांच्या रक्तातच नाही. सगळं कॅरॅव्हॅनच्या पुढच्या कपाटात गेलं. नाकापेक्षा मोती जड, म्हणतात ना, तसं झालं. यूटचं बूड खाली बसलं आणि नाक आभाळाकडे झालं.

बावीस वर्षं पाटे केलेल्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण निघायची घाई होती, आणि सोपा उपाय समोर दिसत होता. त्यांनी पोतं, बरण्या, यंत्र, सगळं उचलून कॅरॅव्हॅनच्या पार मागच्या पलंगाखाली ढकललं. मागचं जड झालं, पुढचं हलकं, आणि यूट सरळ रेषेत उभी राहिली. डोळ्यांना तरी. ते समाधानाने हात झटकून गाडीत बसले.

डन्सँडलच्या पुढे वायव्येचा वारा सुटला. नोव्हेंबरात तो सुटतोच. कॅरॅव्हॅनने आधी हळूच शेपूट हलवलं, मग जोरात, आणि मग ती यूटलाच डावीउजवीकडे ओढायला लागली. वासंती झोपेत होती. ती जागी झाली ती किंचाळतच, आणि दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली.

"हलतंय! अहो, हलतंय!"

शशिकांतरावांनी पाय उचलला, वेग उतरला, गाडी कशीबशी कडेला लागली. कुणाला काही झालं नाही. पण वासंती खाली उतरली ती पुन्हा चढली नाही. मुलीला, सिद्धीला, फोन करून बोलावलं आणि तिच्या गाडीतून ती घरी गेली. त्या रात्री ती झोपलीच नाही, आणि पुढच्या रविवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारी सिद्धीच्या गाडीतही झोपली नाही. डोळे उघडे ठेवून रस्त्याकडे बघत बसायची. होती नव्हती ती चाळीस मिनिटंही गेली, आणि ती त्यांनी घालवली होती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. हे त्यांना इतकं लागलं की आठवडाभर त्यांनी डब्यातली भाजी तशीच परत आणली.

डिसेंबरात ते यूट आणि कॅरॅव्हॅन घेऊन हॉर्नबीच्या गॅरेजमध्ये हेमीकडे गेले. हेमी माओरी, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बारा महिने जँडल, म्हणजे रबरी चपला, घालणारा. डेपोतल्या बसच्या निमित्ताने दोघांची ओळख झालेली होती.

"किया ओरा, शशी! काय हवंय?"

"मागे दोन पाटे वाढवायचेत," शशिकांतराव म्हणाले.

हेमीने कॅरॅव्हॅनचा पुढचा दांडा बाथरूममधल्या वजनकाट्यावर टेकवला. मागच्या पलंगाखाली सामान अजून तसंच होतं. काटा पस्तीस किलोवर थांबला.

"तुझी कॅरॅव्हॅन साडेबाराशे किलोची. दांड्यावर निदान सव्वाशे हवेत. यू पुट एव्हरीथिंग ॲट द बॅक, मेट. शेपटीला वजन दिलंस, शेपूट हलणारच. पाट्यांचा काय दोष?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शशिकांतराव कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसले. हे त्यांना माहीत होतं. पिंपरीत नव्या पोरांना ते हेच शिकवायचे.

"पण जड सामान मधे, चाकांवर ठेवलं, थोडं पुढे ठेवलं, तर यूट पुन्हा बसणार," ते म्हणाले. "म्हणून पाटे."

"कुणासाठी करतोयस हे?"

"माझी बायको गाडीत झोपते. झोपायची."

हेमीने यूटचं बूड दोनदा दाबून बघितलं. मग म्हणाला, "मग पाटे नकोत. पाटा कायम कडक. रिकाम्या गाडीत प्रत्येक खडा तिच्या पाठीला कळेल. एअरबॅग टाकू, म्हणजे चाकांच्या आसावर बसणारा हवेचा फुगा. ओढायचं असेल तेव्हा हवा भर, नसेल तेव्हा सोड. आणि शॉक अब्सॉर्बर तुझे मेलेत, ते बदलू. पण ऐक, हे सगळं टाकलं म्हणून जास्त वजन ओढता येतं असं नाही. गाडीवरच्या कंपनीच्या पाटीवर लिहिलंय तेवढंच. हवेने वजन कमी होत नाही."

बावीस वर्षं ज्याने पोलादावर भरवसा ठेवला त्याला रबरी फुग्यावर भरवसा ठेवायला सांगणं म्हणजे काय, ते त्या माणसालाच ठाऊक. पण दोन शनिवार शशिकांतराव यूटखाली उताणे पडले होते. हेमी सांगत होता आणि ते स्वतःच्या हाताने बसवत होते. चाकांचा आस आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये तो काळा फुगा बसला, त्यात हवा शिरली, आणि गाडीचं बूड आवाज न करता वर उठलं. त्यांनी पुन्हा हवा सोडली, पुन्हा भरली. हेमी चहा घेऊन आला तेव्हा हे गृहस्थ तिसऱ्यांदा तेच करत होते.

सामानाचं त्यांनी एक केलं. पहिलं सामान ज्याचं त्याला परत पोचलं होतं, तरी विनिताताई पुन्हा पोतं घेऊन आल्या तेव्हा त्यांना वजनकाटा दाखवला. "ताई, यावर ठेवा. माझ्याकडे तीन किलोंची जागा आहे." विनिताताई फणकारल्या, पण पीठ परत घेऊन गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा शशिकांतरावांनी कुणाला नाही म्हटलं होतं, आणि ते दिवसभर त्याच खुशीत होते.

मग तपासणी. त्यांनी हेमीला चालवायला बसवलं आणि स्वतः वासंतीच्या जागी बसले. तिच्यासारखी मान कलती केली, डोळे मिटले. तिला जे कळतं ते आपल्याला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. डार्फिल्डच्या रस्त्यावर वारा होता. कॅरॅव्हॅन मागे आहे हे कळत होतं, पण ती ओढत नव्हती, ढकलत नव्हती, सोबत येत होती. खड्डा आला, गाडी एकदाच खाली गेली, एकदाच वर आली, आणि झालं. कुठूनतरी गवताचा वास येत होता. आपण पिंपरीत आहोत की इथे, हे त्यांना नीट आठवेना.

"शशी," हेमी त्यांना हलवत होता. "टेस्ट पास झाली वाटतं. यू वेअर स्नोरिंग."

आता उरली वासंती. तिला यूटमध्ये बसवायचं कसं? सिद्धीने प्रयत्न केला. "आई, जस्ट गेट इन, यू'ल बी फाइन." मंडळातल्या बायकांनी केला. पाच वर्षं सगळे तिला हेच सांगत आले होते, काही होत नाही, काही होणार नाही. ती हसून मान डोलवायची.

शशिकांतराव तिला यूटच्या मागे घेऊन गेले आणि उकिडवे बसले. तीही बसली.

"त्या दिवशी जमीन नव्हती हलत," ते म्हणाले. "माझी चूक होती. जड सामान मी शेपटीला टाकलं. मला माहीत असून टाकलं. हे बघ, आता इथे हवा आहे, आणि वजन चाकांवर आहे. तरी हलली तर मी थांबेन आणि कुठे चुकलं ते सांगेन."

वासंतीने बोटाने तो फुगा दाबून पाहिला. धरणीने तिला कधी कारण सांगितलं नव्हतं. का हललीस, पुन्हा कधी हलशील, काहीच नाही. इथे कुणीतरी पहिल्यांदा म्हणत होतं की हलण्याला कारण होतं, ते माझं होतं आणि मी ते दुरुस्त केलंय.

"तुम्ही हात काळे केलेत," ती म्हणाली. मग उठली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

२०१६च्या फेब्रुवारीत, वायटांगी दिनाच्या सुट्टीत ते निघाले. जेराल्डीनला नदीकाठी थालीपीठ खाल्लं, साडेबारा वाजले होते. पुढे रस्ता टेकड्यांत शिरला. उन्हाने गवत पिवळं पडलं होतं आणि ढगांच्या सावल्या टेकड्यांवरून सावकाश चालत होत्या. वासंतीने डॅशबोर्डवरचे हात काढून मांडीवर घेतले. मग तिची मान कलती झाली.

शशिकांतराव श्वास रोखून चालवत होते. फेअरलीच्या गावातून चालण्याच्या वेगाने गेले. बर्क्स पास चढले, उतरले. मागे गाड्या साचल्या की न थांबता कडेला सरकून त्यांना पुढे सोडायचे. एकाने हॉर्न दिला तेव्हा त्यांनी आयुष्यातली सर्वांत वाईट शिवी मनातल्या मनात दिली. आणि मग टेकापोचं तळं आलं, दुधात निळा रंग कालवावा तसं. आठ वर्षं ते इथे यायचं म्हणत होते. मुक्कामाचं वळण डावीकडे... नाही, उजवीकडे होतं. पाटी दिसली. त्यांनी वासंतीकडे पाहिलं. तिचं तोंड जरासं उघडं होतं. ते वळले नाहीत.

पुढे पुकाकीचं तळं आलं, तेही मागे गेलं. ट्वायझल गेलं. डिझेलचा दिवा लागला तरी ते जात राहिले. शेवटी ओमारामाला पंपावर थांबावंच लागलं. गाडी थांबली आणि वासंती जागी झाली.

"आलं का तळं?"

"मागे राहिलं. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर."

"अहो! एवढ्या लांबून आलो आणि मला उठवलं नाही? कमाल आहे तुमची! एवढं..." तिची नजर घड्याळाकडे गेली. तीन वाजून दहा मिनिटं. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "मी मधे उठले नव्हते?"

"नाही."

"एकदाही?"

"पुलावर कूस बदललीस."

वासंतीने ओढणीत तोंड झाकलं. खांदे हलत होते. शशिकांतरावांना जवळ जावंसं वाटलं, पण आपलाही धीर सुटेल या भीतीने ते डिझेलचा पाइप धरून उभे राहिले. टाकी भरली तरी धरून उभे होते. जरा वेळाने तिने डोळे पुसले आणि काच खाली केली.

"चला, फिरवा गाडी. मला तळं बघायचंय."

त्यांनी गाडी फिरवली. गावातली शेवटची घरं मागे पडली नसतील, तोवर तिची मान पुन्हा कलली. पुकाकीचं पाणी आता उन्हात दुसऱ्याच बाजूने चमकत होतं. साडेचारच्या सुमारास टेकापोच्या मुक्कामाची पाटी पुन्हा दिसली, या खेपेला डाव्या हाताला. शशिकांतरावांनी पाय किंचित उचलला, तिच्याकडे पाहिलं, आणि पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर ठेवला. फेअरली अजून चाळीसेक किलोमीटर होतं आणि टाकी काठोकाठ भरलेली होती.