गरम पाण्याच्या कपाटातली बर्गंडी

मला कुणी काही फुकट दिलं की आधी माझ्या मनात पाल चुकचुकते. हा आईचा वारसा. भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीरसुद्धा ती उलटीपालटी करून बघायची. त्यात मी फार्मसिस्ट, म्हणजे सील आणि एक्स्पायरी बघितल्याशिवाय कशालाच हात लावणार नाही. त्यामुळे २०१४च्या जानेवारीत शेजारचे आजोबा वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाइनची बाटली घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा थँक्यू म्हणायच्या आधी मी मनात म्हटलं, यांना आता काय हवंय?

इथे परदेशात, पापाटोएटोला घर घेऊन आम्हाला वर्ष झालं होतं. आजोबा एकटेच राहायचे. बायको आदल्या हिवाळ्यात गेली होती. तिच्या शेवटच्या चार महिन्यांत तिची औषधं मी कामावरून येताना घेऊन यायचे. वाटेवरच तर घर, त्यात काय मोठंसं! पण ते त्यांनी मनात ठेवलं होतं आणि ही बाटली त्याबद्दल होती.

चहा घेता घेता त्यांनी बाटलीची कुळकथा सांगितली. तरुणपणी ते तीन हंगाम फ्रान्सला बर्गंडीत द्राक्षं तोडायला होते. तिथेच शेजारच्या ओळीत तोडणारी मुलगी पुढे त्यांची बायको झाली. लग्नाला मळ्याच्या मालकाने बारा बाटल्या दिल्या, त्या त्यांनी बोटीने इकडे आणून घराखाली ठेवल्या. आता दोनच उरल्या होत्या. मळा म्हणजे केवढा, तर आमच्या रस्त्यावरच्या शाळेच्या मैदानाएवढा, भोवती दगडी भिंत. वरच्या अंगाला माती जेमतेम वीतभर. तिच्याखाली पांढरा चुनखडीचा दगड आणि त्यात शिंपल्यांचे ठसे, कारण कोणे एके काळी तिथे समुद्र होता. पाण्यासाठी वेलींची मुळं त्या दगडाच्या भेगांत घुसतात, म्हणून द्राक्षं बारकी आणि जाड सालीची. खालच्या अंगाला चिकणमाती. तिथली द्राक्षं टपोरी, देखणी, "आणि जरा बावळट," आजोबा म्हणाले. मधे फक्त एक पायवाट, पण वरची आणि खालची वाइन कधी एका पिंपात घालायचे नाहीत. ही बाटली वरच्या अंगाची होती. "हिला पावसात भिजलेल्या दगडाचा वास येतो," ते म्हणाले. "मागून चेरी येते. आणि घोट गिळून झाल्यावरसुद्धा बराच वेळ ती जात नाही."

ते गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "पायवाट ओलांडली की चव बदलते म्हणे! काय पण थापा."

"आणि तू देवगडच्या नावाखाली कर्नाटकचा आंबा आला म्हणून पेटी परत केली होतीस, ती?"

"ते वेगळं."

मग मी नेटवर शोधलं. मळा खरा निघाला. त्याची वाइन मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात, असं वाचलं आणि माझा संशय दुप्पट झाला. इतकी मोलाची वस्तू पापाटोएटोत एका म्हाताऱ्याच्या घराखाली पडून राहील? लेबलवर ओलीचे डाग होते, बारकोडचा पत्ता नव्हता. एकतर बाटली नकली असणार, नाहीतर कुठेतरी पाणी मुरत असणार. आमच्या दोन घरांमधलं कुंपण कलंडलं होतं, ते नवीन घालायची गळ घालतील. नवरा आयटीत, त्याच्या मागे लॅपटॉपची कामं लावतील. मी वाट बघत राहिले. आजोबांनी काही म्हणजे काही मागितलं नाही. दिसले की "स्वीट ॲज", म्हणजे सगळं झकास, असं म्हणून हात हलवायचे. मला तर तेच जास्त खटकायला लागलं.

तरी बाटली खरी असली तर, म्हणून मी ती जपून ठेवायचं ठरवलं. गराजच्या बाजूच्या दाराची कडी नीट लागत नव्हती आणि आमच्याच रस्त्यावर एका गराजमधून सायकली चोरीला गेल्या होत्या. म्हणून मी ती घरात ठेवली, पॅसेजमधल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. इथले लोक त्यात टॉवेल वाळवतात. आम्ही त्यात इडलीचं पीठ आंबवतो आणि दही लावतो. थंडीतसुद्धा पीठ असं फुगून येतं की बघत राहावं. तर पिठाच्या पातेल्यामागे, चादरींच्या घडीखाली, बाटली आडवी. चोराच्या बापाला सापडली नसती!

आजोबांनी सांगितलं होतं की अंधारात ठेवा, आडवी ठेवा, हलवू नका. थंड जागी असं ते म्हणालेच नव्हते, असं मी नंतर बरीच वर्षं सांगत आले. म्हणाले होते. दुकानात मी दिवसातून दोनदा लसींच्या फ्रिजचं तापमान लिहिणारी बाई, पण घरी माझं ज्ञान एवढंच की दारूच ती, ती आणखी काय सडणार?

ऑगस्टमध्ये आजोबांनी घर विकलं. ते दुसऱ्या गावी, पोरिरुआला, मुलीकडे कायमचे जाणार होते. जायच्या आधीच्या रविवारी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं आणि बाटली बाहेर काढली. बूच जरासं वर आलं होतं आणि गळ्याशी चिकट लागत होतं. मी ते ओल्या फडक्याने पुसून टाकलं.

आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी स्वतः बूच काढलं, वाइन ओतली. रंग विटकरी. खोलीभर वास सुटला तो उकळून ठेवलेल्या मनुकांचा. त्यांनी एक घोट तोंडात धरला, गिळला आणि ग्लास खाली ठेवला.

"कुठे ठेवली होतीत?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ.

"गराजमध्ये," मी म्हटलं. "आडवी. अंधारात."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पोळीचा तुकडा मोडत बसला.

"मग चूक माझीच," आजोबा म्हणाले. "इथे उत्तरेच्याच भिंतीला दिवसभर ऊन लागतं, बाटल्या तिथून हलव, असं बायको जन्मभर सांगत होती. मी ऐकलं नाही. म्हणजे उरलेली एकसुद्धा अशीच असणार." ती शेवटची बाटली ते पुढच्या महिन्यात, बायकोच्या वाढदिवसाला, मुलीबरोबर उघडणार होते. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "सॉरी हं. तुम्हाला खराब वस्तू दिली."

मी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

भांडी विसळताना नवरा म्हणाला, "अगं, जाऊन सांग त्यांना."

"सांगते."

पण सोमवारी नाही सांगितलं. मंगळवारीही नाही. मनाने लगेच पळवाटा शोधल्या. कशावरून ती आमच्याकडेच बिघडली? भिंत तापते असं तेच तर म्हणाले. ती खराब आहे हे कशावरून त्यांना आधीच ठाऊक नव्हतं? आणि खरं सांगायचं तर मला त्या दुसऱ्या बाटलीची भीती वाटत होती. ती चांगली निघाली की मी उघडी पडणार होते. एका म्हाताऱ्या माणसाच्या बायकोच्या वाढदिवसाची बाटली नासकी निघावी, असं मी मनोमन म्हणत होते. हे लक्षात आलं तेव्हा मी दुकानात कुणाचीतरी औषधं मोजत होते. मोजदाद चुकली. माझी मलाच किळस आली.

शनिवारी सकाळी त्यांच्या दारात व्हॅन लागली. मुलगी आत खोकी बांधत होती, आजोबा पायरीवर बसले होते. मी चपला सरकवल्या आणि गेले. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: कपाट, टाकी, इडलीचं पीठ, खोटं बोलले ते. "चूक तुमच्या भिंतीची नव्हती," मी म्हटलं. "तुमची बाटली चांगली असेल. ती मुलीबरोबर नक्की उघडा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ती मी मंगळवारीच सिंकमध्ये ओतली," ते म्हणाले. "चाखलीसुद्धा नाही. मुलीला तिच्या आईच्या वाढदिवसाला तसलं पाजायचं नव्हतं."

मी खाली पायरीवर बसले.

"ओतताना वास फार छान येत होता," आजोबा म्हणाले. "ओला दगड, चेरी, सगळं. मला वाटलं, आता माझ्या नाकावरही विश्वास ठेवायचे दिवस राहिले नाहीत."