नाईट करून समुद्राला

आमचे हे नाईट करून सकाळी सातला सुटले, अंघोळ केली आन म्हनले, चला. अंथरुणाला पाठ लावली न्हाई. बेस्तरवार, कंपनीला सुट्टी, थोरल्या दिरांची गाडी दारात मोकळी, मंग परत कधी? ह्यांनी मोबाईलवर पोरं फळीवर उभी ऱ्हाऊन लाटंवरनं येताना पायली होती, तवापासनं डोक्यात त्येच. आठ म्हयन्यांची लेक मांडीवर घेतली आन मी फुडं बसले.

तळेगाव सोडलं आन ह्यास्नी पयली जांभई आली. घाटाच्या उताराला गाडी पांढऱ्या पट्ट्यावर गेली, मागनं ट्रकनं केवढ्यांदा हॉर्न मारला.

"अवो, डोळं मिटलं तुमचं!"

"उन्हानं गं."

"ऊन मागनं हाय!"

मंग मी बोलतच सुटले. शेजारणीचा कुकर, भावाचं लगीन, लेकीचा दात, काय वाट्टंल ते.

"रेडिओ लावला आस्ता तर बरं," ह्ये म्हनले.

"रेडिओ चिमटा काढत न्हाई," मी म्हनलं, आन काढला.

नागावच्या समुद्रावर गेलो तर फळ्या न्हाईत. कुनीतरी म्हनलं काशीदला हायत, झालं, परत गाडी. तितं ह्ये फळी घिऊन पान्यात गेले, चारदा पडले, हसत हुते. मी काठावर लेकीला घट्ट धरून नुसती ह्यांचं डोकं वर येतंय का बघत. भायेर आले तर डोळं लालभडक.

"चल, निघू. नऊच्या आत गाडी पायजे दादाला, दुसऱ्या कंपनीची रातच्या पाळीची मानसं न्यायचीत."

चावी मी लंगोटांच्या पिशवीत घातली हुती.

"आधी झोपा."

"येडी का तू? दादा काय म्हनंल?"

"म्हनू द्या."

सुरूच्या झाडाखाली बसून भांडत हुते, भांडता भांडताच घोरायला लागले.

थोड्या वेळानं ह्यांचा फोन वाजला. थोरले दीर. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिरांशी बोलत न्हाई, तीन वर्सात एक शब्द न्हाई, चहासुदिक सासूबाईंच्या हातनं. पन ह्ये उठले तर तसंच गाडीत बसनार. मी ओढनी डोक्यावर घेतली, तितं चड्ड्या घातलेली एवढी मानसं फिरत हुती तरी घेतली, आन फोन उचलला.

"कोन बोलतंय?"

माझा आवाज त्यास्नी ठावंच न्हवता.

"मी... पोरीची आई. गाडीला उशीर हुईल. ह्ये झोपल्यात. मी उठवनार न्हाई."

मी ओढनी आनखी फुडं ओढली.

"नाईट करून गाडी चालवली त्यानं?"

"व्हय."

"झोपू दे. मी दुसरी गाडी सांगतो."

दोन तास मी समुद्राकडं पाठ करून ह्यांची छाती वर-खाली हुताना बघत बसले. ह्ये उठले, तोंड धुतलं, चावी मागितली. मी आधी डोळं बघितलं, मंग दिली.